अनुभूती आणि तिच्यावरून केलेला दावा

ध्यानाला बसलेल्या माणसाला कधी अचानक देहभान हरपल्यासारखं होतं. आपण कुठे संपतो आणि जग कुठे सुरू होतं, तेच कळेनासं होतं; डोळे भरून येतात, भीती गळून पडते. इथवर झाली ती अनुभूती. मग तो म्हणतो, ‘विश्वात एकच चैतन्य आहे, मी ते पाहिलं.’ हा झाला दावा. दोन्ही एका दमात बोलले जातात म्हणून एकच वाटतात. अध्यात्म विरुद्ध विज्ञान हे निम्मंअधिक भांडण या गफलतीवरच चालतं, असं माझं मत आहे.

अनुभूतीला साक्षीदार एकच: ज्याला ती आली तो. तो खोटं बोलत नसेल, तर ‘तुला तसं वाटलंच नाही’ असं त्याला कोण सांगणार? दावा मात्र जगाबद्दल असतो आणि जग सगळ्यांचं आहे. तिथे एकट्याची खात्री पुरत नाही.

अडचण अशी की ही खात्री अनुभूतीतच मुरलेली असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ साली पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या व्याख्यानांत गूढ अनुभवाची चार लक्षणं सांगितली. तो शब्दांत मावत नाही, फार वेळ टिकत नाही, आपल्याला कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं. आणि काहीतरी ‘कळलं’ असं आतून पटतं. हे शेवटचंच फसवं. स्वप्नातही मोठं कोडं सुटतं आणि जाग आल्यावर उत्तर आठवावं तर त्यात काही दम नसतो. जेम्स यांचा निवाडा मला आजही रास्त वाटतो: असा अनुभव ज्याला येतो त्याच्यापुरता तो प्रमाण असू शकतो, इतरांवर त्याचं बंधन नाही.

शरीराबाहेर गेल्याच्या अनुभवात हा फरक अगदी उघडा दिसतो. २००२ साली मेंदूचे अभ्यासक ओलाफ ब्लँके आणि सहकाऱ्यांनी अपस्मार (फिट्स येण्याचा आजार) असलेल्या एका बाईबद्दल लिहिलं. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत तिच्या मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका भागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला, की तिला आपण वर तरंगतोय आणि खाली पलंगावर आपलंच शरीर दिसतंय असं वाटे. तरंगल्याची अनुभूती शंभर टक्के खरी. ती बाई मात्र प्रत्यक्षात कुठेही गेलेली नव्हती.

पण यावरून ‘असं कधी कुणी जातच नाही’ हे सिद्ध होत नाही. त्यासाठी वेगळी कसोटी हवी आणि हृदय बंद पडून वाचलेल्यांच्या अनुभवांचा अभ्यास करणारे डॉक्टर सॅम पार्निया यांच्या गटाने ती लावूनही पाहिली. काही रुग्णालयांत उंच फळ्या बसवून त्यांवर चित्रं ठेवली, फक्त छताकडून पाहणाऱ्यालाच दिसतील अशी. २०१४ साली निष्कर्ष आले. हृदय बंद पडल्याच्या २,०६० घटना अभ्यासात होत्या. वाचलेल्यांपैकी दोघांनी त्या वेळी काही पाहिल्या-ऐकल्याचं सविस्तर सांगितलं. नेमकं ते दोघे होते तिथे फळ्या नव्हत्या! निकाल लागला नाही, तरी दावा तपासायचा कसा याचा हा चोख नमुना आहे.

आता दुसऱ्या बाजूची चूक. ‘हा सगळा मेंदूचा खेळ’ असं म्हणून पुष्कळ जण विषय संपवतात. समोरचा दिवा पाहतानाही मेंदूत हालचाल होतेच, म्हणून दिवा खोटा ठरत नाही. दिवा आहे की नाही हे इतरांना विचारून, हात लावून, मोजून ठरवता येतं. मेंदूचं स्कॅन त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. आस्तिकाच्या बाजूने नाही आणि नास्तिकाच्याही नाही.

‘माझा स्वभाव बदलला’ हा दावा त्या मानाने सोपा. घरच्यांना विचारावं, काही महिन्यांनी पुन्हा विचारावं.

‘सर्व काही एकच आहे’ या विधानासाठी मात्र कुठली फळी बसवणार? ते मानणं-न मानणं हा तत्त्वज्ञानाचा मामला आहे आणि कुणी त्याच्या आधाराने जगत असेल तर विज्ञानाची त्याला हरकत असायचं कारण मला दिसत नाही. पण तोच माणूस ‘म्हणून माझ्या स्पर्शाने आजार बरा होतो’ असं म्हणाला, की औषधाला लागतात त्याच चाचण्या त्यालाही लागू: रुग्णांचे दोन गट, एकाला खरा स्पर्श, दुसऱ्याला नुसतं सोंग, आणि कोणाला काय मिळालं हे तपासणाऱ्याला ठाऊक नाही.