कालविपर्यास आणि कंटिन्युइटीच्या चुका (चित्रपट, मालिका)

गोष्ट ज्या काळातली आहे त्या काळात नसलेली वस्तू, शब्द किंवा रीत पडद्यावर दिसली की तो कालविपर्यास, आणि एकाच सीनच्या दोन शॉट्समध्ये काही जुळत नसेल, म्हणजे अर्धा रिकामा झालेला ग्लास परत भरलेला दिसला, तर ती कंटिन्युइटीची चूक. बोलताना दोन्ही एकाच पोत्यात भरतात, पण पहिली अभ्यास कमी पडल्याने होते आणि दुसरी सेटवर नाहीतर एडिटिंगला.

चुका पकडायची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बरेच जण शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'चं (अंदाजे १५९९) नाव घेतात, त्यात रोममध्ये घड्याळ तीनचे ठोके देतं आणि यांत्रिक घड्याळं युरोपात आली साधारण तेराव्या शतकाच्या अखेरीला. पण ती झाली करणाऱ्याची चूक. पकडणाऱ्याकडून बघायचं तर इटलीतला विद्वान लोरेन्झो वाल्ला जास्त पटतो. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या नावावर खपणारं दानपत्र त्याने १४४० मध्ये बनावट ठरवलं आणि तेही बरंचसं भाषेवरून, त्या काळच्या रोमच्या कागदात 'सत्रप' (इराणी साम्राज्यातले प्रांताधिकारी) कुठून आले असं विचारून. आज पिरियड मालिकेतला एखादा शब्द 'तेव्हा कोण बोलायचं असं?' म्हणून खटकतो तो याच जातीचा.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे 'बेन-हर' (१९५९) मधल्या रथांच्या शर्यतीतलं मनगटी घड्याळ, आणि ते बहुधा खोटंच आहे. कोणी म्हणतं नायकाच्या हातात, कोणी म्हणतं स्टंटमनच्या. चार्ल्टन हेस्टनने मात्र आपल्या हातांवर कोपरापर्यंत चामड्याचे पट्टे होते हे दाखवून दिलंय. त्यापेक्षा 'बॅक टू द फ्युचर'मधली गिटार पक्की केस आहे, सीन घडतो १९५५ मध्ये आणि ते मॉडेल बाजारात आलं त्यानंतर तीन-चार वर्षांनी.

कंटिन्युइटीचं मूळ शूटिंगच्या पद्धतीतच आहे. एकच सीन वेगवेगळ्या अँगलने तासन्‌तास शूट होतो, तोवर मेणबत्ती वितळते, सिगारेट संपते, केस विस्कटतात. कोणत्या शब्दाला कप कोणत्या हातात होता हे स्क्रिप्ट सुपरवायझर लिहून ठेवतो, पूर्वी पोलरॉइड फोटो काढायचे. एवढं करूनही एडिटर अभिनय चांगला असलेला टेक उचलतो आणि कप डावीकडून उजवीकडे जातो. यातल्या बऱ्याच चुका माहीत असून ठेवलेल्या असतात, पकडणाऱ्यांना हे सहसा पटत नाही.

एरवी या दिसतही नाहीत. लेव्हिन आणि सायमन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दोन बायकांच्या गप्पांची छोटी फिल्म दाखवली, त्यात स्कार्फसकट नऊ गोष्टी मुद्दाम बदललेल्या. दहा प्रेक्षकांपैकी एकालाच काहीतरी बदलल्यासारखं वाटलं. दुसऱ्या फिल्ममध्ये तर कटनंतर नटच बदलला, तरी बहुतेकांच्या लक्षात आलं नाही. पॉज करून, पुन्हा पुन्हा बघणाऱ्यालाच हे सापडतं, म्हणून व्हिडिओ कॅसेट घरोघरी आल्यावर हा छंद वाढला असं मानायला जागा आहे.

मालिकांमधलं ठळक उदाहरण 'गेम ऑफ थ्रोन्स'चं, मे २०१९ मधल्या एका भागात मेजवानीच्या टेबलावर कॉफीचा कागदी कप राहिला. ते जगच काल्पनिक, त्यामुळे याला कालविपर्यास म्हणावं की सेटवरची विसरभोळी चूक हा प्रश्न उरतो (दुसरं जास्त बरोबर वाटतं). दोनच दिवसांत निर्मात्यांनी तो डिजिटली पुसून टाकला.