अंगात कोणी येत नाही, मग धोका कशाचा?

समाजमाध्यमांवर अधूनमधून ‘ट्रान्स मीडियमशिप’च्या ऑनलाइन वर्गांच्या जाहिराती दिसतात. तंद्रीत जायचं आणि मृतात्म्याला आपल्या तोंडून बोलू द्यायचं, असं ते शिक्षण. अशा वर्गांत सुरक्षिततेवरही एक धडा असतो. बसण्याआधी स्वतःभोवती पांढऱ्या प्रकाशाचं कवच आहे अशी कल्पना करा, आपला ‘द्वारपाल’ आत्मा दारावर उभा आहे ना ते बघा, उठताना चक्रं बंद करा आणि तंद्रीतल्या माणसाला चुकूनही हात लावू नका. वाचून हसू येतं. पण या शिक्षणात धोके आहेत, आणि या यादीत त्यांचा पत्ताच नाही.

‘हात लावू नका’ या सूचनेला पुरावा म्हणून स्कॉटलंडच्या हेलन डंकनची गोष्ट सांगतात. ही बाई तंद्रीत तोंडातून ‘एक्टोप्लाझम’ नावाचा पांढरा पदार्थ काढायची. १९३१ मध्ये असे दावे तपासणाऱ्या हॅरी प्राइसने तिची तपासणी केली आणि तो पदार्थ म्हणजे गिळून पुन्हा बाहेर काढलेलं जाळीदार सुती कापड आहे, असा निष्कर्ष काढला. १९४४ मध्ये तिला १७३५ सालच्या चेटूकविषयक कायद्याखाली नऊ महिन्यांची कैद झाली. पुढे १९५६ मध्ये नॉटिंगहॅमला तिची बैठक चालू असताना पोलिसांनी छापा घातला आणि काही आठवड्यांतच ती वारली. एक्टोप्लाझम झटक्यात शरीरात परतलं म्हणून ती गेली, असं तिचे भक्त आजही मानतात. तिला मधुमेह होता आणि तब्येत आधीपासूनच ढासळलेली होती, हे मात्र गोष्टीतून गळतं.

फसवाफसवीचे किस्से सांगून विषय मिटवणं सोपं आहे, पण ते पुरेसं नाही. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या स्टॅन्स्टेड हॉल या वाड्यात आर्थर फिंडले कॉलेज आहे. तिथे १९६४ पासून मीडियम, म्हणजे मृतात्म्यांचं माध्यम, होण्याचं रीतसर शिक्षण मिळतं आणि ट्रान्सचे वेगळे वर्गही चालतात. तिथे येणारे सगळे काही तोंडात कापड कोंबणारे नसतात. हात आपोआप लिहितो, जीभ आपोआप बोलते, हा त्यांचा अनुभव खरा असतो. तो घडतो कसा, हे कळलं की धोका कुठे आहे तेही कळतं.

मायकेल फॅरडे आपल्याला शाळेत भेटतो तो विजेच्या धड्यात. याच फॅरडेने १८५३ मध्ये फिरत्या टेबलांचाही छडा लावला. तेव्हा लंडनमध्ये घरोघरी लोक टेबलाभोवती हात टेकून बसत आणि टेबल सरकलं की आत्मा आला म्हणत. फॅरडेने टेबलावर पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवले आणि मधे मऊ, चिकट लुकणाचे ठिपके लावले. टेबल स्वतः सरकत असेल, तर खालचा पुठ्ठा आधी सरकेल आणि हात मागे राहतील. प्रत्यक्षात वरचा पुठ्ठा सगळ्यांत जास्त सरकलेला दिसला. म्हणजे हात पुढे आणि टेबल मागे. मग त्याने तरफेला जोडलेला एक काटा बसवला. हात आडवा जोर लावू लागले की काटा कलणार. बसलेल्यांना काटा दिसू लागला आणि टेबल थांबलं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. आपण ढकलतो आहोत हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. आपल्याकडे प्लँचेटवर फिरणारी वाटी याच जातीची.

स्वतःच्या हाताचं ढकलणं स्वतःला कळत नाही, हे शक्य कसं होतं? या लेखाचा निम्मा जीव या प्रश्नात आहे, तेव्हा इथे थोडं रेंगाळू या.

सरकारी कचेरीत आवक-जावक रजिस्टर असतं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची नोंद होते. उत्तर आलं की कारकून जावक चाळतो आणि ‘हे आपल्याच पत्राचं उत्तर’ म्हणून फाइलला लावतो. मेंदूत असंच चालतं. कप उचलायची आज्ञा स्नायूंकडे निघाली की तिची एक नक्कल मेंदूतच मागे राहते. तिला ‘इफरन्स कॉपी’ म्हणतात. या नकलेवरून लहान मेंदू आणि पार्श्वखंड (मेंदूचा वरचा-मागचा भाग) अंदाज बांधतात, की आता बोटांना गार लागेल, कोपर वाकेल, मनगटावर एवढं वजन येईल. प्रत्यक्षातली संवेदना अंदाजाशी जुळली की तिची तीव्रता कमी केली जाते आणि ‘हे मी केलं’ असा शिक्का बसतो. जुळली नाही तर ती परक्याची ठरते.

स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्या यामुळेच. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोल्पर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी यावर सुंदर प्रयोग केले. माणसाने एका हाताने दांडा हलवायचा आणि यंत्राने तीच हालचाल स्पंजच्या टोकाने त्याच्या दुसऱ्या तळहातावर उमटवायची. दोन्ही एकाच क्षणी घडलं, तर गुदगुल्या जेमतेम. मग त्यांनी मधे १००, २०० आणि ३०० मिलिसेकंदांचा उशीर घातला. उशीर वाढत गेला तशा गुदगुल्या वाढत गेल्या. हात स्वतःचाच, हालचालही स्वतःचीच. जावक नोंद आणि आवक पत्र यांच्या वेळा जुळेनात, एवढ्यावर मेंदूने आपलाच स्पर्श परक्याच्या खात्यात टाकायला सुरुवात केली.

आता आपल्या विषयाच्या अगदी जवळचा प्रयोग. २००३ मध्ये ब्लेकमोर, फ्रिथ आणि डेव्हिड ओकली यांनी सहज संमोहित होणारी माणसं घेतली, त्यांचा हात कप्पीला बांधला आणि ‘कप्पी तुमचा हात उचलेल’ असं सांगितलं. कप्पी जागची हलली नाही. हात त्या माणसांनी स्वतःच उचलला, पण त्यांना वाटलं कप्पीनेच उचलला. या वेळी लहान मेंदू आणि पार्श्वखंड यांत दिसलेली सक्रियता बरीचशी कप्पीने खरोखर हात उचलल्यावर दिसते तशी होती. आज्ञा निघाली, नोंद मात्र झाली नाही. पुढे किंग्ज कॉलेज लंडनमधल्या क्विंटन डीली यांच्या गटाने आपोआप होणाऱ्या लिखाणाचा अभ्यास केला. ‘एक इंजिनियर तुमचा हात चालवतो आहे’ किंवा ‘तुमच्या डोक्यात विचार घालतो आहे’ असं सुचवून लोकांना स्कॅनरमध्ये लिहायला लावलं. दोन्ही सूचनांमध्ये सप्लिमेंटरी मोटर एरिया, म्हणजे हेतुपुरस्सर हालचालींची आखणी करणारा कपाळामागच्या भागातला पट्टा, डाव्या बाजूला मंदावलेला आढळला. इंजिनियरच्या जागी आजोबांचा आत्मा ठेवला की ट्रान्स मीडियमशिप तयार. (याच विषयावर २०१२ मध्ये ब्राझीलच्या दहा मीडियमच्या मेंदूंचा एक अभ्यास छापून आला. तो ‘आत्म्याचा वैज्ञानिक पुरावा’ म्हणून अजून फिरतो. दहा माणसांच्या रक्तप्रवाहाच्या चित्रांतून आत्मा सिद्ध होत नाही आणि तसं सिद्ध झाल्याचं त्या शोधनिबंधाचं म्हणणंही नव्हतं.)

तर ट्रान्स शिकणं म्हणजे हा शिक्का सैल करायला शिकणं. आपलाच विचार, आपलाच शब्द, आपलाच हात, पण नोंद परक्याच्या नावावर. सरावाने हे जमतं, त्यात दैवी काही नाही. प्रश्न एवढाच, की सैल केलेला शिक्का पुन्हा घट्ट करता येतो का, आणि तो कोणाच्या सांगण्यावरून सैल होतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला येल विद्यापीठातल्या अल्बर्ट पॉवर्स आणि फिलिप कॉर्लेट यांच्या संशोधनाची मदत होते. त्यांनी लोकांना एक चौकटींचं चित्र आणि एक बारीक सूर एकदम दाखवत-ऐकवत नेलं आणि मग सूर गुपचूप काढून टाकला. चित्र दिसताच सूर ऐकू आल्यासारखं वाटणं थोड्याफार प्रमाणात सगळ्यांनाच झालं. एरवीही आवाज ऐकू येणाऱ्यांना ते सुमारे पाचपट झालं, मग ते मनोरुग्ण असोत की ठणठणीत मीडियम. फरक पुढे दिसला. सूर आता नाही, हे मीडियमना हळूहळू उमगलं, पण आजारी माणसांना आपली अपेक्षा बदलणं जड गेलं. याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात मीडियमना आवाजांवर बराच ताबा असल्याचं दिसलं. आवाज कधी ऐकायचे आणि कधी थांबवायचे, हे बऱ्याच अंशी त्यांच्या हातात होतं. ब्राझीलमध्ये अलेशांद्रे मोरेरा-आल्मेडा यांनी तपासलेले प्रेतात्मवादी, म्हणजे मृतांचे आत्मे संपर्क साधतात असं मानणारे, मीडियमही मानसिकदृष्ट्या बऱ्यापैकी सुदृढ निघाले. तेव्हा ‘हे सगळे वेडे’ म्हणणारेही चूकच.

पण हे निष्कर्ष ज्यांना ते जमलं, पचलं आणि जे त्यात टिकले त्यांच्याबद्दलचे आहेत. वर्गात बसून अर्ध्यावर बिघडलेला माणूस या अभ्यासांत सापडत नाही. शिवाय या वर्गांकडे कोण वळतं? डरहॅम विद्यापीठातले अॅडम पॉवेल आणि नॉर्थंब्रिया विद्यापीठातले पीटर मोझली यांनी २०२१ मध्ये आवाज ऐकू येणाऱ्या ६५ ब्रिटिश प्रेतात्मवाद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ७१ टक्क्यांना प्रेतात्मवादाची चळवळ माहीत होण्याच्या आधीच आवाज येऊ लागले होते, तेही बहुधा तरुणपणी. विशीच्या आसपास अनेकांचा स्किझोफ्रेनियाही डोकं वर काढतो. म्हणजे जाहिरात पाहून नाव नोंदवणाऱ्यांत ज्यांचा शिक्का मुळातच सैल आहे अशांचा भरणा जास्त असणार. पोहण्याच्या तलावावरही हृदयविकार, फिट्स यांची चौकशी करतात. इथे घरात कोणाला सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा आजार) किंवा बायपोलर (टोकाच्या मनःस्थितींचा आजार) आहे का, हे किती जण विचारतात?

शरीराचे धोके त्या मानाने साधे आहेत. आपल्याकडे अंगात येतं तेव्हा हलगी-संबळ टिपेला पोचलेले असतात, बाई केस सोडून घुमत असते आणि नाकातोंडातून जोरजोरात फुत्कार चाललेले असतात. त्या फुत्कारांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर उतरतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या त्यामुळे आकसतात आणि रक्तपुरवठा तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही घटू शकतो. रक्त अल्कधर्मी होतं, मोकळं कॅल्शियम कमी पडतं, ओठांना मुंग्या येतात, बोटं वाकडी होऊन आखडतात. बघणाऱ्याला वाटतं, देवीने हात धरला. मेंदूचा आलेख काढताना तंत्रज्ञ तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतो, तो याच कारणासाठी. काही फिट्स असलेल्या रुग्णांमध्ये एवढ्यानेही झटका येतो. त्यावर उपास आणि रात्रीचं जागरण चढवलं, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. आधुनिक वर्गांत ढोल नसतो, पण ‘स्पंदनं वाढवण्यासाठी’ दीर्घ श्वासांची आवर्तनं असतात. स्पंदनं म्हणजे कशाची, किती हर्ट्झची, हे अजून कोणी मोजून दाखवलेलं नाही.

तंद्रीतल्या माणसाला हात लावायचा की नाही, याचंही उत्तर त्यातच येतं. तो पडत असेल, बेशुद्ध वाटत असेल किंवा झटके देत असेल तर अवश्य लावा. कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा. झटका पाच मिनिटांहून जास्त चालला तर १०८ ला फोन करा. एक्टोप्लाझमची चिंता करू नका.

दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे सैल कोणाच्या सांगण्यावरून होतं याचं उत्तर अधिक अस्वस्थ करणारं आहे. ज्याची सूचना मानून तुम्ही हाताची मालकी सोडता, त्याच्या बाकीच्या सूचनाही त्या वेळी आत झिरपतात. वडील गेल्याला महिना झालेला, झोप उडालेली, आणि समोरचा सांगतो ‘ते तुझ्या काकांवर नाराज आहेत’. पुढे ते वाक्य तुमच्याच तोंडून वडिलांच्या आवाजात निघतं. तुमच्याच तोंडून निघालं म्हणून ते तुम्हाला खरं वाटतं आणि घरं फुटतात. ‘गोळ्यांनी संपर्क तुटतो, त्या बंद कर’ हा सल्ला तर थेट इस्पितळात पोचवणारा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अतींद्रिय शक्ती अंगात संचारल्याचं भासवून इतरांना भीती घालणं किंवा सल्ला न ऐकल्यास वाईट परिणामांची धमकी देणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. नुसतं अंगात येणं त्यात बसत नाही, आणि ते योग्यच आहे.

आजार कुठे सुरू होतो याबाबत जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही वर्गवारीही याच धर्तीवर जाते. तंद्री आपल्या परंपरेचा, समाजाने मान्य केलेला भाग असेल तर तो विकार नाही. ती नको असताना येत असेल आणि तिच्यामुळे त्रास होत असेल, घरकाम-नोकरी अडत असेल, तर विकार. घरच्यांनी लक्ष ठेवायचं ते एवढ्यावर: बैठक संपल्यावरही आवाज चालू राहतात का, ते हुकूम सोडू लागलेत का, तीन-चार रात्री झोप नाही का, ‘माझे विचार कोणी दुसरंच घालतंय’ असं बोलणं येतंय का. यातलं काहीही दिसलं तर वर्ग त्या दिवशी बंद करायचा आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा, कारण सायकोसिसला उपचार जितक्या लवकर मिळतील तितका माणूस बरा सावरतो. डॉक्टरांना मीडियमशिपचं काही सांगायला लाजू नये, त्यांना ते कळणं गरजेचं असतं. जवळपास कोणी नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.