फिनलंडमध्ये परीक्षाच नसतात?

‘फिनलंडमध्ये परीक्षा नाही, गृहपाठ नाही, स्पर्धा नाही’ हा फॉरवर्ड आपल्या फॅमिली ग्रुपवर दर जूनमध्ये हमखास उगवतो. अर्धं खरं आहे. तिथे मूल सातव्या वर्षी पहिलीत जातं आणि नववीपर्यंत सगळ्या देशाची एकच अशी बोर्ड परीक्षा नसते. पण वर्गात चाचण्या होतात, गृहपाठही असतो, फक्त आपल्यापेक्षा कमी.

खरी गंमत नववीनंतर. गुण ४ ते १० मध्ये मिळतात. ४ म्हणजे नापास. पुढच्या शाळेतला प्रवेश या गुणांच्या सरासरीवर ठरतो आणि हेलसिंकीतल्या नावाजलेल्या शाळांना सरासरी नऊच्या वर लागते. आपल्या अकरावीच्या कटऑफची आठवण येते ना? त्यानंतर बारावीसारखी राष्ट्रीय परीक्षा असते, तीही १८५२पासून. पास झालं की डोक्यावर पांढरी टोपी, घरी पेढ्यांऐवजी केक. २०२०पासून विद्यापीठांच्या बऱ्याचशा जागा याच निकालावर भरतात, त्यामुळे चढाओढ उलट वाढली आहे.

म्हणजे स्पर्धा आहेच, उशिरा सुरू होते इतकंच. सात वर्षांच्या पोराचा नंबर मात्र तिथे कुणी विचारत नाही.