पिकअपचा हौदा बदलायचाय? आधी आरटीओची परवानगी, मग वेल्डिंग

नवी पिकअप दारात आली की महिन्याभरात ती कुठल्या तरी गॅरेजसमोर उभी दिसते. कुणाला हौद्यावर कमानी हव्या असतात, कुणाला पुढं जाड गार्ड, कुणाला मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवायचे असतात. कुणाला उघडा हौदा काढून पत्र्याची बंद पेटी बसवायची असते. गाडीवर पोट आहे, तेव्हा ती आपल्या धंद्याला साजेशी करून घ्यावी असं वाटणं साहजिकच आहे. फक्त यातलं कुठलं काम विनापरवाना चालतं, कशाला आधी परवानगी लागते आणि कशाला मिळतच नाही, हे ठाऊक नसेल तर पासिंगच्या, म्हणजे आरटीओ तपासणीच्या, दिवशी ते महागात पडतं.

माझ्या मामेभावाचं तसंच झालं. पनीर, दही पोचवायचं काम मिळालं म्हणून त्यानं हौदा उतरवून बंद पेटी करून घेतली. गॅरेजवाला म्हणाला, "पासिंगचं नंतर बघू, सगळे असंच करतात." फिटनेसला गाडी नेली तर इन्स्पेक्टर साहेबांनी आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) पाहिली, गाडी पाहिली आणि कागद परत हातात दिले. आरसीवर बॉडी उघडी आणि समोर बंद कंटेनर. पेटी उतरवली, जुना हौदा शोधून पुन्हा चढवला, आणि परवानगीचं सगळं पहिल्यापासून केलं. तोवर पनीरचं काम दुसऱ्याकडे गेलं होतं. पेटी चांगलीच बनली होती, चुकला तो फक्त क्रम.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ हे या सगळ्याचं मूळ. निर्मात्यानं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी गाडी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, असं ते सांगतं. गाडीच्या रचनेत असा फेरफार, की ज्यानं तिचं मूळ स्वरूपच बदलतं, त्याला कायदा 'बदल' म्हणतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आणि राज्यांचे नियम त्याच्या वर जाऊ शकत नाहीत असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. विनापरवाना बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंड 'प्रत्येक बदलामागे' आहे, हे नीट वाचा. गार्ड, पेटी आणि जादा लाईट म्हणजे तीन बदल.

मापदंड म्हणून आपली आरसी हातात घ्या. त्यावर बॉडीचा प्रकार, रंग, इंधन, आसनसंख्या, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं. तुमच्या कामानं यातला एक जरी रकाना बदलत असेल तर परवानगी लागणार. रंगसुद्धा त्यात आला. पांढऱ्या गाडीला पूर्ण काळा रंग दिला तर तीही नोंद करून घ्यावी लागते.

विनापरवाना काय चालतं

सीट कव्हर, रबरी मॅट, हौद्याच्या तळाला लायनर, मडफ्लॅप, गाण्यांचा टेप, सामान बांधायचे हूक आणि पट्टे, हौद्यावर अंथरून बांधलेली ताडपत्री. यानं गाडीचं मूळ स्वरूप बदलत नाही, ही कामं खुशाल करा. बाजूंना पिवळी, मागं लाल आणि पुढं पांढरी परावर्तक पट्टी तर मालवाहू गाडीला हवीच. ती प्रमाणित असावी. साधी चमकी पट्टी चिकटवली तर फिटनेसला काढायला लावतात.

काय चालणारच नाही

यात पहिला नंबर पुढच्या लोखंडी गार्डचा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड कलम ५२ चा भंग ठरतात, कारवाई करा, असं कळवलं. धडकेचा जोर पचवायला बंपर आणि त्यामागची रचना केलेली असते. आडवा पाइप तो जोर सरळ चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावर, नेतो आणि समोरच्या पायी माणसाला तर अधिकच घातक ठरतो. गावाकडं गार्ड नसलेली गाडी बोडकी दिसते म्हणतात. दिसू द्या.

दुसरं, पुढच्या बाजूचे शोधदिवे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १११ अपवादात्मक परिस्थितीत आणि पूर्वपरवानगीनंच ते लावू देतो. घाटात समोरून पांढऱ्याफेक पट्टीलाईटची गाडी आली की डोळ्यांपुढं अंधारी येते, हे माळशेज किंवा खंबाटकी उतरणाऱ्या कुणालाही सांगायला नको. तिसरं, अनेक सुरांचे हॉर्न. चौथं, काचेवर काळी फिल्म. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फिल्म कितीही फिकट असली तरी ती लावायला मनाई केली. पुढची आणि मागची काच ७० टक्के, तर बाजूची ५० टक्के प्रकाश आत सोडणारी असावी, आणि तीही कंपनीनंच तशी बनवलेली.

पाटे वाढवण्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या दिवसांत जादा पाटा टाकलेल्या गाड्या सर्रास दिसतात. पाटा टाकला की गाडी मागं बसत नाही आणि मालकाला वाटतं, आता दोन टन बिनधास्त जाईल. पण भरलेल्या गाडीचं वजन आरसीवर ठरलेलं आहे, ते पाट्यानं वाढत नाही. ब्रेक तेच, एक्सल तोच, टायर तेच. पकडलं तर कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा. भर उन्हात टोमॅटो रस्त्याकडेला उतरवणं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच माहीत.

परवानगी घेऊन काय होतं

उघडा हौदा बदलून बंद पेटी, शीतपेटी, फिरतं उपाहारगृह किंवा उंच जाळीचा सांगाडा करायचा, इंधनाचा प्रकार बदलायचा, इंजिन बदलायचं, रंग बदलायचा. ही कामं परवानगीच्या वाटेनं जातात. दिव्यांग चालकासाठी गाडी अनुकूल करून घेतली तर कायदा थोडा मवाळ आहे. तिथं बदलानंतर मंजुरी घेता येते. बाकी सगळ्यांना मंजुरी आधी.

अर्ज कोण करू शकतो? आरसीवर ज्याचं नाव तोच. गाडी भावाच्या नावावर असेल तर अर्ज आणि सही भावाची. गाडी जुनी घेतली असेल आणि नाव अजून चढलं नसेल तर आधी हस्तांतरण उरका. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं लेखी संमतीपत्र लागतं. हे पत्र मिळायला सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून त्याचा अर्ज सगळ्यांच्या आधी टाका.

कामाला हात घालण्यापूर्वी बॉडीवाल्याला तीन गोष्टी विचारा. तुमच्या मॉडेलसाठी त्याच्या बॉडीला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र आहे का? मापांचा नकाशा देणार का? जीएसटीचं पक्कं बिल देणार का? ट्रकच्या बॉडीसाठी एआयएस-०९३ हे मानक आहे. चाचणी करणाऱ्या संस्था आपल्या जवळच आहेत. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय, भोसरीला सीआयआरटी आणि अहिल्यानगरला व्हीआरडीई. तुम्हाला तिथं जावं लागत नाही, प्रमाणपत्र बॉडीवाल्याकडे असायला हवं. तो "कागद कशाला, मी आहे ना" म्हणाला तर दुसरा गाठा.

नकाशात माप बघताना मागचा लोंबता भाग तपासा. मागच्या चाकाच्या मध्यापासून पेटीच्या टोकापर्यंतचं अंतर पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांच्या आत असावं लागतं. पेटी अर्धा फूट लांब करून देतो म्हणणारे बॉडीवाले नेमके इथं अडकवतात.

कागद कोणते जमवायचे? मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, फिटनेस प्रमाणपत्र, कर भरल्याची पावती, परमिट असेल तर तेही. ३,००० किलोपर्यंत भरलेलं वजन असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, पण बऱ्याच मोठ्या पिकअप त्या रेषेच्या वर जातात, तेव्हा आरसीवरचा आकडा बघून घ्या. मालकाचं आधार आणि पॅन, बँकेचं संमतीपत्र, बॉडीचा नकाशा आणि प्रमाणपत्राची प्रत, चॅसिस नंबरचा पेन्सिलनं घेतलेला छाप. थकलेले ई-चलान आधी भरून टाका. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरपाटी बसवलेली असू द्या.

अर्ज परिवहन संकेतस्थळाच्या 'वाहन' सेवेत भरायचा. गाडीचा नंबर, चॅसिसचे शेवटचे पाच अंक आणि मोबाईलवर येणारा ओटीपी लागतो. गाडीशी जोडलेला मोबाईल शोरूमवाल्याचा किंवा जुन्या मालकाचा निघतो, हे फार वेळा होतं. आधी तो बदलून घ्या. मग वाहनातील बदलाची सेवा निवडा, शुल्क भरा, पावती आणि अर्ज छापा, आणि आपल्या आरटीओत कागद दाखल करा. जुन्नर, आंबेगाव, खेडची गाडी चौदा पासिंगची म्हणजे पिंपरी-चिंचवडची, संगमनेर आणि अकोले तालुक्याची सतरा पासिंगची म्हणजे श्रीरामपूरची. दुसऱ्याच कार्यालयात रांग लावून दिवस घालवू नका.

मंजुरी हातात आली की मगच हौद्याला गॅस कटर लावायचा. काम झाल्यावर रिकामी गाडी वजनकाट्यावर घ्या आणि काटापावती जपून ठेवा. बदल झाल्यापासून १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची, ही मुदत कलम ५२ मध्येच आहे. गाडी तपासणीला न्या, सोबत बिल, काटापावती आणि चारी बाजूंचे फोटो ठेवा. इन्स्पेक्टर माप घेतात, चॅसिस नंबर बघतात, आणि नोंद झाली की नवी आरसी येते.

काटापावतीचा हिशेब आधीच करून ठेवा. भरलेलं वजन ठरलेलं असल्यामुळं बॉडी जितकी जड, तितका माल कमी. जुन्या हौद्यापेक्षा पेटी २०० किलोनं जड झाली तर वीस किलोचे दहा क्रेट प्रत्येक खेपेला घरीच राहणार, आणि ते वर्षभर राहणार. म्हणून जाड पत्र्याचा आग्रह धरताना दोनदा विचार करा.

सीएनजीचं थोडक्यात

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) पेट्रोल गाड्यांना सीएनजी-एलपीजी किट बसवायला आणि ३.५ टनांखालच्या डिझेल गाड्यांचं इंजिन बदलून गॅसचं बसवायला ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेनं वाट मोकळी केली. किट तुमच्या मॉडेलसाठी मान्य असलेलं हवं आणि बसवणारं केंद्र अधिकृत हवं. दोन्हीची प्रमाणपत्रं आणि सिलिंडरचा दाखला अर्जाला जोडा. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. तिची तारीख सिलिंडरवरच्या पट्टीवर असते. तिथं वाकून बघायची सवय लावा, कारण ही चाचणी राहून गेली तर धोका तुमच्याच जिवाला आहे.

गाडी अजून घेतलीच नसेल तर

मग सगळ्यात सोपी वाट मोकळी आहे. नुसती कॅब आणि चॅसिस घ्या, तात्पुरत्या नोंदणीवर बॉडी बांधून घ्या आणि मग कायमची नोंदणी करा. यात नमुना २२-अ लागतो. त्याचा पहिला भाग कंपनी देते, दुसरा बॉडी बांधणारा. पहिल्या आरसीवरच बंद पेटी लिहून येते, त्यामुळं बदलाचा प्रश्नच उरत नाही. तात्पुरती नोंदणी सहा महिन्यांपर्यंत मिळू शकते, बॉडीला तेवढा वेळ पुरतो. फिरतं उपाहारगृह करायचं असेल तर अन्न परवाना वेगळा काढायचा, आरटीओचा त्याच्याशी संबंध नाही.

नवी आरसी आली की तिथंच उभं राहून वाचा. बॉडीचा प्रकार, रिकामं वजन, चॅसिसचा प्रत्येक अंक. चूक दिसली तर खिडकीवरून हलू नका. मग तिची प्रत विमा कंपनीला द्या आणि पेटीची किंमत पॉलिसीत चढवून घ्या, गॅसचं किट असेल तर त्याचीही वेगळी नोंद करून घ्या. बॉडीवाल्याचा शेवटचा हप्ता मात्र ही आरसी हातात येईपर्यंत ठेवून घ्या. मामेभावानं दुसऱ्या वेळी तसंच केलं, आणि बॉडीवाला त्याच्या कागदांसाठी स्वतः आरटीओत आला.