लाल न होताच ताणलं जाणारं पोलाद

दसरा जवळ आला की मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाची लगबग सुरू होते. पूजा होते, नारळ फुटतो, आणि कुणीतरी हटकून म्हणतं, "लाल झाल्याशिवाय लोखंडाला काही होत नसतं." साफ चूक. अंधारातही लोखंड ५२५ अंश सेल्सिअसच्या आसपास जेमतेम लालसर दिसतं. साधं कार्बन स्टील मात्र ३७०च्या पुढेच हळूहळू ताणलं जाऊ लागतं, तेही झेपणाऱ्या भाराखाली. याला म्हणतात क्रीप.

पोलादाच्या स्फटिकांत अणूंच्या रांगा कुठेकुठे चुकलेल्या असतात. भार आला की या चुका सरकतात, धातू वाकतो. मिश्रपोलादात क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या कार्बाइडचे बारीक कण त्यांना अडवून धरतात. थंडीत चूक तिथेच अडकते. उष्णतेत मात्र अणू जागा बदलत राहतात, त्यांच्या आधाराने अडकलेली चूक कणाच्या वर चढते आणि पुढे निघते. शिवाय वर्षानुवर्षांच्या उष्णतेने बारीक कण विरघळून मोठ्या कणांना मिळतात, म्हणजे अडसरच विरळ होतात. शेवटी स्फटिकांच्या सीमांवर सूक्ष्म पोकळ्या होतात, त्या जोडल्या जाऊन तडा जातो. मंत्रलेल्या लिंबाला या पोकळ्या बुजवता येत नाहीत.

म्हणून बॉयलरसारख्या गरम भांड्याचा अनुज्ञेय ताण, म्हणजे त्यावर येऊ द्यायचा कमाल ताण, नुसत्या ताकदीवरून ठरत नाही. अमेरिकेतल्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेच्या एएसएमई संहितेत कमी तापमानाला तुटण्याच्या ताणाचा साडेतीनावा भाग किंवा नमन-ताणाचा (ज्याला धातू कायमचा वाकू लागतो त्या ताणाचा) दोन तृतीयांश पाहतात. उष्णतेत आणखी तीन आकडे येतात: १००० तासांत ०.०१ टक्का क्रीप घडवणारा सरासरी ताण, १ लाख तासांत तोडणाऱ्या सरासरी ताणाचे ६७ टक्के, आणि तशाच किमान ताणाचे ८० टक्के. सगळ्यांत जो लहान, तो खरा.

पण १ लाख तास म्हणजे ११ वर्षं ५ महिने. एवढा वेळ नमुना टांगून कोण बसणार? लार्सन आणि मिलर यांनी १९५२ साली तोड काढली: केल्विन तापमान (सेल्सिअस अधिक २७३) गुणिले (२० अधिक तासांचा लॉगॅरिदम) ही संख्या सारखी, तर त्याच ताणाखाली परिणामही सारखा. ५४० अंश म्हणजे ८१३ केल्विन. १ लाखाचा लॉगॅरिदम ५, म्हणून ८१३ × २५ = २०,३२५. हीच संख्या १००० तासांत गाठायला ८८४ केल्विन, म्हणजे ६११ अंश लागतात. दीड महिन्याची चाचणी अकरा वर्षांचा अंदाज देते. (२० हा आकडा प्रत्येक पोलादाला चपखल बसत नाही, म्हणून दीर्घ चाचण्याही घ्याव्याच लागतात.)

आता गंमत पाहा. त्याच गणितात ५४०ऐवजी ५६० अंश घाला: १ लाखाचे जेमतेम २५ हजार तास उरतात! २० अंशांचा फरक, आयुष्य पाव. "थोडं जास्त तापलं तर काय बिघडतं," याचं उत्तर हे. विकणारे "इम्पोर्टेड पाइप" म्हणून कितीही छाती ठोकोत, उत्तर बदलत नाही.

१ लाख तास भरले म्हणजे बॉयलर फुटतो असंही नाही. ६७ टक्क्यांची राखीव सोय त्यासाठीच आहे. आपल्या बॉयलर नियमांत ४०० अंश किंवा त्याहून जास्त तापमानाला चाललेल्या भागांची त्या टप्प्यावर उर्वरित आयुष्याची तपासणी सांगितली आहे. त्यात धातूचा पृष्ठभाग घासून ठसा घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच पोकळ्या शोधतात. १५० दिवसांचा गळीत हंगाम धरला तर कारखान्याला हे तास भरायला २७-२८ हंगाम लागतील. परळीसारख्या औष्णिक केंद्रातला संच अखंड चालला, तर ते साडेअकरा वर्षांच्या आतच भरतात. जुना बॉयलर घेताना म्हणूनच किती वर्षांचा ते नंतर विचारा. आधी एकूण तास विचारा, आणि सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांच्या) तापमानाच्या नोंदी मागा.