शेलच्या अंगभूत आज्ञांनी लिनक्स सावरणे

लिनक्सवर एलएस, कॅट, सीपी यांसारख्या नेहमीच्या आज्ञा चालेनाशा झाल्यावर, आधीपासून उघड्या असलेल्या शेलच्या (टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पोटात जेवढ्या आज्ञा आहेत तेवढ्यांवर केलेली दुरुस्ती. एलएस, कॅट हे डिस्कवरचे स्वतंत्र प्रोग्रॅम आहेत. सीडी, इको, प्रिंटएफ, रीड, किल ही कामे बॅश हा नेहमीचा शेल स्वतःच करतो.

ही वेळ बहुतेकदा रूटच्याच, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्याच, हातून ओढवते. आज्ञांचे प्रोग्रॅम असलेली बिन डिरेक्टरी पुसली जाते, नाहीतर बहुतेक प्रोग्रॅमना लागणारी सी लायब्ररी जागची हलते आणि मग ती परत आणायला फाइल हलवणारी एमव्ही आज्ञासुद्धा चालत नाही. चालू शेलला मात्र झळ लागत नाही, कारण पुसलेली फाइल एखाद्या प्रक्रियेने (चालू प्रोग्रॅमने) धरून ठेवली असेल तोवर तिचा मजकूर डिस्कवरून जात नाही. म्हणून उघडा शेल बंद करायचा नाही, रीबूटही करायचे नाही. लायब्ररी नुसती हलली असेल, तर प्रोग्रॅमला लायब्ररी जोडून देणाऱ्या डायनॅमिक लोडरला थेट हाक मारून तिचा नवा पत्ता द्यावा. पुष्कळदा तेवढ्यावर भागते.

पाहणी सोपी असते. ‘इको *’ म्हटले की फाइलींची नावे समोर येतात, व्हाइल-रीडच्या लूपने फाइल ओळीओळीने वाचता येते. प्रक्रियांची मर्यादा भरून फोर्क (नवी प्रक्रिया काढणे) अडला, तरी प्रक्रिया थांबवणारा किल चालतो.

घोडे अडते ते लिहिण्यापाशी. बॅशच्या व्हेरिएबलमध्ये शून्य मूल्याचा बाइट टिकत नाही, त्यामुळे प्रोग्रॅम त्यात भरून कॉपी करता येत नाही. प्रिंटएफ मात्र ऑक्टल (अष्टमान) संकेतांवरून हवा तो बाइट उतरवतो. पण रीडायरेक्शनने (आज्ञेचे उत्तर ‘>’ ने फाइलीत वळवून) बनलेल्या नव्या फाइलीला, यूमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या छाटणारी सेटिंग) काहीही ठेवला तरी, चालवण्याची परवानगी मिळत नाही. आणि परवानगी बदलणारा सीएचमॉड तर आधीच गेलेला. यावरची तोड मोठी झकास आहे: ती परवानगी असलेली, त्या क्षणी चालू नसलेली एखादी बिनकामाची फाइल धरायची आणि तिच्यावरच लिहायचे. मजकूर बदलतो, परवानगी तशीच राहते. ६४-बिट यंत्रावर ६४ बाइटांचे एल्फ (लिनक्सच्या प्रोग्रॅम फाइलींचा साचा) हेडर, ५६ बाइटांचे प्रोग्रॅम हेडर आणि पुढे रिनेमचा सिस्टम कॉल (फाइलीचे नाव वा जागा बदलण्याची कर्नलकडे मागणी) करणारे थोडे यंत्रसंकेत एवढे पुरते. हे बाइट दुसऱ्या यंत्रावर जुळवून घ्यावेत. घाईत हाताने मोजलेले ऑफसेट (फाइलीतल्या जागांचे आकडे) हमखास चुकतात.

झेडशेल या दुसऱ्या शेलच्या ‘फाइल्स’ मॉड्यूलमध्ये एमव्ही, एलएन (दुवा जोडणे), आरएम (पुसणे) अंगभूतच मिळतात, पण मॉड्यूलची फाइल शाबूत हवी.

सगळेच उपाय थकले, तर प्रॉक या कर्नलच्या आभासी डिरेक्टरीतल्या सिसआरक्यू-ट्रिगर फाइलीत इकोने एस, यू, बी ही अक्षरे एकेक करून, मध्ये क्षणभर थांबत, लिहावीत. डिस्कवर लिहायचे राहिलेले उतरते, फाइल सिस्टम फक्त वाचनासाठी उरते आणि यंत्र रीबूट होते. पुढची दुरुस्ती रेस्क्यू यूएसबीवरून.