उसण भरायच्या आधी वाचा : फायर टीमने वजन कसं उचलायचं, कसं न्यायचं

नमस्कार. आमच्याकडून एक्स्टिंग्विशर रिफिल करून घेणाऱ्या आणि हायड्रंट लाईनचं (आगीसाठीच्या पाण्याच्या पाइपलाइनचं) मेंटेनन्स आमच्याकडे असलेल्या सगळ्या सोसायट्या, कंपन्या, मंगल कार्यालयांसाठी हे पत्रक आहे. फक्त कृपा करून फाईलला लावून ठेवू नका, तुमच्या फायर टीममधल्या मुलांच्या, सिक्युरिटीवाल्या काकांच्या हातात पडू दे, कारण वजन उचलणार ते आहेत.

आग म्हटलं की सगळे भाजण्याला आणि धुराला घाबरतात, ते बरोबरच आहे. पण टीममधला माणूस आठवडाभर घरी बसतो तो बहुतेक वेळा लचक भरल्यामुळे, पाठीत उसण धरल्यामुळे, खांदा दुखावल्यामुळे. जगभरातल्या अग्निशमन दलांतही हेच दिसतं, जवानांच्या दुखापतींत स्नायू ताणणं आणि मुरगळणं सगळ्यात जास्त. आणि हे आगीतच होतं असं नाही, ड्रिल संपल्यावर ओला होज (आग विझवायचा पाण्याचा लांब पाइप) गोळा करताना होतं, टेम्पोतून सिलेंडर उतरवताना होतं. दरवर्षी 14 ते 20 एप्रिल फायर सर्व्हिस वीक असतो (1944 साली 14 एप्रिललाच मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि त्यात अग्निशमन दलाचे जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ), तेव्हा पुणे भागात भोसरीपासून चाकण-रांजणगावपर्यंत सगळीकडे ड्रिल चालू असतात, आणि वर्षभर खुर्चीवर बसलेला माणूस एकदम भर उन्हात होज खांद्यावर टाकून पळायला लागतो. आम्हाला काळजी त्याची वाटते.

किती किलो, यापेक्षा किती लांब

25 किलो उचलशील का विचारलं तर कोणीही हो म्हणेल. पण कुठून उचलायचं ते महत्त्वाचं आहे. ब्रिटनमध्ये कामगारांच्या सुरक्षिततेसाठी एचएसई म्हणून सरकारी संस्था आहे, तिने ढोबळ आकडे दिलेत, त्यात कमरेच्या उंचीवर अंगाला लावून धरलेलं वजन पुरुषांसाठी 25 किलोपर्यंत ठीक धरतात, आणि तेच हात लांब करून जमिनीजवळून उचलायचं असेल तर फक्त 5 किलो. बायकांसाठी हेच आकडे 16 आणि 3. म्हणजे माणूस तोच, ताकद तीच, तरी पाचपट फरक. त्यात कमरेतून काटकोनात वळून उचलत असाल तर अजून 20 टक्के कमी करा असं ते सांगतात.

कारण साधं आहे, 20 किलोचा ड्रम कमरेपासून 25 सेंटिमीटरवर धरला आणि नंतर तोच 50 सेंटिमीटरवर नेला तर मणक्याच्या खालच्या भागावर त्या ड्रमचा भार दुप्पट होतो, आणि तो पेलायला पाठीचे जे स्नायू आहेत ते मणक्याला अगदी लागून असल्यामुळे त्यांना वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. पटत नसेल तर पाण्याची अर्धी बादली आधी पोटाजवळ धरा, मग हळूहळू हात लांब करा, कुठे ताण येतो ते लगेच कळेल.

म्हणून आमच्या ट्रेनिंगमध्ये सगळ्यात आधी एकच गोष्ट घोकून घेतो, वजन अंगाशी. फोमचा 20 लिटरचा कॅन असू दे नाहीतर पंप, आधी त्याच्या अगदी जवळ जा, पाय खांद्याइतके फाकवा, एक पाय थोडा पुढे, गुडघे आणि खुबे वाकवा, पाठ जशी नैसर्गिक असते तशीच ठेवा, कुबड काढू नका. पूर्ण उकिडवंही बसू नका, तिथून उठताना गुडघ्यांचे हाल होतात. बोटांच्या टोकांनी नाही तर पूर्ण पंजाने पकडा, ओले ग्लोव्ह्ज असतील तर पकड दोनदा तपासा, आणि मग नजर समोर ठेवून पायांच्या जोरावर उठा, झटका न देता. वळायचं असेल तर पाय उचलून वळा, कमरेतून अजिबात नाही. पाय जाग्यावर रोवून नुसतं वरचं अंग फिरवायचं आणि शेजारच्याच्या हातात वजन द्यायचं, ही साखळी करून सामान उतरवायची पद्धत सगळीकडे दिसते आणि पाठीला तीच सगळ्यात वाईट. ठेवताना पण तसंच, आधी खाली टेकवा, मग सरकवून जागेवर न्या.

जड आहे का हलकं हे बघून कळत नाही. एक्स्टिंग्विशरवर 4.5 किलो सीओटू लिहिलंय म्हणून लोक एका हाताने खेचायला जातात, पण ते आतल्या गॅसचं वजन आहे, सिलेंडरसकट ते त्याच्या तिपटीच्या आसपास जातं. पॅनल रूममधले फ्लडिंग सिस्टिमचे (अख्खी खोली गॅसने भरून आग विझवते ती) उंच सीओटू सिलेंडर तर हाताने उचलायची वस्तूच नाही, व्हॉल्व्हवर कॅप लावायची, ट्रॉलीला साखळीने बांधायचं आणि मगच हलवायचं. आमचा माणूस येईपर्यंत थांबा, सिलेंडर कुठे पळून जात नाही.

होज : पाणी सोडायच्या आधी जागेवर न्या

हा भाग जरा नीट वाचा, सोसायट्यांमध्ये सगळ्यात जास्त गडबड इथे होते. तुमच्या होज बॉक्समध्ये साधारण 63 एमएमचा 15 मीटरचा होज असतो. कोरडा असताना एक माणूस तो काखेत मारून आरामात चालतो. पण पाणी भरलं की त्या एका लेंग्थमध्ये जवळपास 47 लिटर पाणी असतं, म्हणजे होजचं स्वतःचं वजन सोडून 47 किलो. दोन लेंग्थ जोडल्या तर 94. आणि आतून प्रेशर असल्यामुळे तो वळतही नाही, लाकडासारखा कडक होतो. मग पार्किंगच्या कोपऱ्यात अडकलेला भरलेला होज ओढायला एकजण कमरेतून वाकून झटके देतो आणि तिथेच बसतो.

त्यामुळे आधी होज पूर्ण उलगडा, कोपऱ्यांवर मोठं वळण द्या, ब्रांचवाला (होजच्या टोकाची पाणी मारायची नळी धरणारा) जागेवर उभा राहिला की मगच व्हॉल्व्ह उघडायला सांगा. तरीही भरलेला होज पुढे न्यायची वेळ आलीच तर तो एकट्याने जमिनीवरून उचलू नका, कपलिंगपाशी (दोन होज जिथे जोडतात तिथे) एकेक माणूस उभा करा, होज मांडीच्या उंचीला अंगाशी धरा, पुढे तोंड करून सगळ्यांनी मिळून चाला. उलटं चालत ओढण्यात मागचं काही दिसत नाही आणि ओल्या फरशीवर, त्यातून फोम सांडलेला असेल तर, पाय घसरतोच. 63 एमएमच्या ब्रांचला दोन माणसं हवीतच, मागचा माणूस पाण्याचा उलटा धक्का झेलण्यासाठी असतो, बघ्या नसतो.

काम संपल्यावर पाणी काढताना होजच्या एका टोकाला उभं राहा, होज खांद्यावर घ्या आणि दुसऱ्या टोकाकडे चालत जा, होज हाताखालून मागे सरकवत, म्हणजे पाणी आपोआप पुढे पळतं आणि तुमच्या खांद्यावर एका वेळी दीड-दोन मीटरचंच वजन राहतं. आमच्या ट्रेनरना हे करताना एकदा बघा, कुठे जोर लावतायत असं वाटतच नाही. मग डच रोल (होज मधे दुमडून गुंडाळणं) करताना वाकून वाकून शेवटपर्यंत जाऊ नका, एक गुडघा टेकवून करा किंवा मधे उभं राहून पाठ सरळ करा, दोघं असाल तर आलटून पालटून.

बीए सेट, शिडी, जिने

स्टील सिलेंडरचा बीए सेट (धुरात श्वास घ्यायला पाठीवर लावायचा हवेचा सिलेंडर आणि मास्क) 15 किलोच्या आसपास जातो, कंपोझिटचा त्याहून बराच हलका. तो बऱ्याच कंपन्यांमध्ये पेटीत, जमिनीवर ठेवलेला दिसतो. कृपया कमरेच्या उंचीच्या रॅकवर ठेवा. तिथून पाठ लावून, कोट घालतो तसा पट्ट्यांत हात घालून चढवता येतो, जमिनीवरून उचलून डोक्यावरून घेण्यात खांद्यालाही धोका आणि बाजूच्यालाही. इतका छोटा बदल आहे, खर्च जवळपास शून्य.

बीए चढवल्यावर तुमचा तोल बदलतो हे लक्षात ठेवा, पाठीवर आधीच वजन आहे, वरून सूट, हेल्मेट, गमबूट, घाम. अशा वेळी एरवी जे वजन एकट्याने उचलता ते दोघांनी उचला.

दोघांनी उचललं म्हणजे दुप्पट झेपतं असं मात्र नाही. दोघांच्या मिळून ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश आणि तिघांच्या निम्मी, इतकंच धरायचं, कारण पावलं जुळत नाहीत, उंची जुळत नाही. एक्स्टेन्शन शिडीला साधारण सारख्या उंचीची माणसं लावा, एकानेच ऑर्डर द्यायची आणि काय ओरडणार ते आधी ठरवायचं. “एक, दोन, तीन, उचल” यात तीनला उचलायचं का उचल म्हटल्यावर, यावरून घोळ होतो आणि अर्ध्या सेकंदासाठी सगळं वजन एकाच्या अंगावर येतं. ठेवताना पण तोच आवाज, तीच ऑर्डर.

जिन्यात एक हात कठड्यासाठी मोकळा हवा. बाणेर, वाकडच्या टॉवरमध्ये फायरमन लिफ्ट बंद पडली तर होज घेऊन चढायचंय, तेव्हा रोल पाठीवरच्या बॅगेत असले तर बरं. पेठांमधल्या जुन्या वाड्यांचे लाकडी जिने अरुंद आणि खडे असतात, तिथे दोघांनी मिळून काही आडवं नेणं जमतच नाही, एकेक वस्तू दोरीने खाली सोडणं जास्त शहाणपणाचं.

माणूस बाहेर काढताना

फिल्ममध्ये हिरो बेशुद्ध माणसाला खांद्यावर टाकतो. धुरात ते करू नका. धूर आणि उष्णता वर असते, तुम्ही उभे राहिलात की दोघांचीही डोकी त्यातच जातात, आणि 65-70 किलोचं ढिलं शरीर जमिनीवरून खांद्यापर्यंत नेणं हे पाठीसाठी सगळ्यात अवघड काम आहे. ओढणं सोपं आणि सुरक्षित. चादर, सतरंजी, पडदा, काहीही मिळेल त्यावर माणसाला कुशीवरून सरकवून घ्या, डोक्याकडची टोकं गोळा करून मुठीत धरा, डोकं जमिनीपासून जरासं वर राहील असं बघा आणि खाली वाकून राहत पायांच्या जोरावर ओढा. चादर नसेल तर मागून काखेत हात घालून ओढा. धूर नसलेल्या जागी पोचल्यावर दोघं असाल तर एकाने मागून काखेतून मनगटं धरायची, दुसऱ्याने गुडघ्यांखाली, आणि एका ऑर्डरवर उठायचं.

पडल्यामुळे मान किंवा मणका दुखावल्याचा संशय असेल आणि तिथे आग, धूर असा धोका नसेल तर हलवूच नका, ॲम्ब्युलन्सची वाट बघा. आणि 101 ला फोन सगळ्यात आधी, तुमची टीम ब्रिगेड येईपर्यंतची आहे, ब्रिगेडच्या ऐवजी नाही.

दुखलंच तर

मलम चोळून परत ड्रिलला उभं राहू नका, आणि पंधरा दिवस अंथरुणालाही खिळू नका, झेपेल तेवढं हळूहळू चालतं राहणं बऱ्याचदा चांगलं, बाकी डॉक्टर सांगतील. पण दोन्ही पायांत मुंग्या किंवा बधिरपणा, पाय लुळा पडणं, मांड्यांच्या मधे बधिर होणं, लघवी-संडासवर ताबा न राहणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.

कमरेच्या बेल्टबद्दल फार जण विचारतात. निरोगी माणसाने बेल्ट लावल्याने दुखापत टळते याला भक्कम पुरावा नाही, त्यामुळे आम्ही तो सुचवत नाही. त्याऐवजी टीमला ड्रिलच्या आधी दहा मिनिटं अंग मोकळं करू द्या, पाणी प्यायला द्या, आणि जमत असेल त्यांनी आठवड्यातून दोनदा पर्वती चढावी, पाय मजबूत असले की पाठीवरचं काम कमी होतं. कंपनीवाल्यांसाठी अजून एक, दुखापत होईल इतकं जड वजन कामगाराला उचलायला लावायचं नाही हे 2025 पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी ॲक्ट 1948 च्या कलम 34 मध्येच होतं, फायर टीममधला कामगारही त्यात आला.

जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी च्या (आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याच्या सहामाही दाखल्याच्या) तपासणीला आमची माणसं तुमच्याकडे येतातच, तेव्हा आधी सांगितलंत तर जुना होज आणि वाळू भरलेला बॉयलर सूटचा डमी सोबत आणतो, तासाभरात सगळ्यांकडून हे सगळं प्रत्यक्ष करून घेतो. वेगळे पैसे नाहीत. फक्त रात्रपाळीच्या सिक्युरिटीलाही त्या वेळी बोलवून ठेवा.